वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दात घासायला शिकताना

बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. तिसरीच्या वर्गात स्वच्छतेचा पाठ आला की फळ्यावर एक वाक्य ठरलेलं असतं : 'रोज सकाळी आणि रात्री दात घासावेत.' मुलं ते सुरात म्हणतात, वहीत उतरवून घेतात, मी खाली बरोबरची खूण करते. त्या वाक्यात 'कसे' हा शब्द कुठंच नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आलं ते एका बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर.

कुर्बानीच्या दिवसांत आमच्याकडं जेवणानंतरचं दृश्य कधी बदलत नाही. पुरुष ओट्यावर, बायका आत चटईवर, आणि प्रत्येकाच्या तोंडात काडी. कुणाकडं आगपेटीची, कुणाकडं कडुलिंबाची सोललेली, माझ्या नणंदेकडं तर बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन. दातांत मटणाचे तंतू अडकतात, मग खिलाल करायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. त्या दिवशी मी उजवीकडच्या खालच्या दाढेशी काडी घातली आणि दाढ हलली. जिभेनं ढकलून पाहिली, पुन्हा हलली. काडीला रक्त होतं, पण रक्ताचं मला नवल नव्हतं. दात घासताना रक्त यायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. उष्णता झाली असेल म्हणून मी सब्जा भिजवून प्यायचे, आणि जिथं रक्त येतं तिथं ब्रश हळूच टाळायचे.

अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "अपने खानदान के दातांच कच्चे हैं." नानीचे पन्नाशीच्या आत गेले, अम्मीचे साठीच्या आत जवळपास सगळे गेले, आता माझी पाळी. नानीचं पानदान जसं अम्मीकडं आलं आणि एक दिवस माझ्याकडं येणार, तसेच हे दात. मीही मान हलवली. गावाबाहेर एक दंत महाविद्यालय आहे, तिथं कमी पैशांत दाढ काढून देतात असं कळलं होतं. काढून टाकावी आणि मोकळं व्हावं, एवढ्याच विचारानं गेले.

तिथं माझ्या वाट्याला आली ती शेवटच्या वर्षानंतर इंटर्नशिप करणारी एक मुलगी. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. वयानं माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थ्यांहून लहानच. तिनं आधी विचारलं, "मॅडम, शुगर आहे का?" मला वाटलं भुलीच्या इंजेक्शनासाठी विचारते आहे. शुगर होती, सहा वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या आणि आकडा काही केल्या खाली येत नव्हता. तिनं ते लिहून घेतलं आणि टोकाला बारीक खुणा असलेली एक सळई घेऊन दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती हलकेच उतरवायला लागली. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. शेजारी तिची मैत्रीण तक्त्यावर आकडे लिहीत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." पुढं पुढं "पाच" यायला लागलं. त्या हलणाऱ्या दाढेपाशी "सहा".

मी आयुष्यभर मुलांना गुण देत आले, त्यामुळं आकडा वाढला की बरं वाटायची सवय. इथं उलटं होतं. हिरडी दाताला जिथं घट्ट धरते तिथपर्यंतची फट तीन मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. त्याहून खोल गेली की तो खिसा झाला. त्या खिशात जंतू साठतात, हिरडी सुजते, आणि हळूहळू आतलं हाड झिजत जातं. दाढ हलते ती कच्ची म्हणून नाही, तिच्याभोवतीचं हाड कमी झालेलं असतं म्हणून. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. दुखलं असतं तर मी चार वर्षांपूर्वीच आले असते.

"दिवसातून किती वेळा ब्रश करता?" तिनं विचारलं.

"दोनदा," मी म्हणाले. आणि थोड्या ताठ्यानं पुढं जोडलं, "शिवाय पाच वक्त वुजू करते. प्रत्येक वुजूला तीन चुळा."

"छान सवय आहे," ती म्हणाली. मग कापसाच्या बोळ्यानं दातांना एक जांभळट औषध लावलं, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला.

दातांच्या समोरच्या बाजू स्वच्छ होत्या, अगदी चकचकीत. पण हिरडीच्या कडेनं प्रत्येक दाताला जांभळा काठ, जणू साडीची किनार. दोन दातांच्या मध्ये जांभळं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू तर सगळीच जांभळी. मी त्या सकाळी तिथं जायचं म्हणून दोनदा दात घासले होते. पुन्हा चूळ भरली, वुजूत भरते तशी खळखळून. तिसरी भरली, चौथी भरली. रंग जागचा हलला नाही.

ती जे बोलली ते मी विसरलेले नाही. ही घाण नाही मॅडम, हा थर आहे. घाण पाण्यानं वाहून जाते. हा जंतूंचा चिकट थर असतो, ते दाताला धरून बसतात, स्वतःभोवती चिकट आवरण करून घेतात. त्याला चूळ काही करत नाही. घासूनच काढावा लागतो, आणि जिथं आहे तिथंच घासावं लागतं. नाही काढला तर लाळेतली खनिजं त्यात बसून त्याचा दगड होतो, मग तो ब्रशनंही निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागं तो सगळ्यांत जास्त होतो, कारण जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात.

स्वच्छतेला ईमानाचा हिस्सा मानणारी माणसं आम्ही. दिवसाला पंधरा चुळा. आणि तोंडात हे. मला त्या खुर्चीत लाज वाटली ती दातांची नाही. आपण एखादी गोष्ट किती वेळा केली ते मोजत आलो, ती पोचली कुठं हे एकदाही पाहिलं नाही, याची वाटली. वुजू करताना कोपराचा एखादा भाग कोरडा राहिला तर वुजू होत नाही, हे मला सात वर्षांची असताना अब्बांनी शिकवलं होतं. अंगठी फिरवून तिच्याखाली पाणी गेलं की नाही बघायचं, बोटांच्या बेचक्यांत खिलाल करायचा. बोटांच्या बेचक्यांची इतकी काळजी, आणि दातांच्या बेचक्यांसाठी सेफ्टी पिन.

दाढ काढायची घाई नको, असं तिच्या वरच्या डॉक्टरांनी सांगितलं. चार खेपांमध्ये, एकेका बाजूला भूल देऊन, हिरडीच्या खालून तो दगड खरवडून काढला. घरी सगळे म्हणाले, मशीननं दात साफ केले की ढिले होतात. पहिल्या खेपेनंतर मलाही तसंच वाटलं. जिभेला फटी लागायला लागल्या, गार पाणी झणझणायला लागलं. विचारल्यावर तिनं समजावलं की दगडानं ज्या फटी भरून टाकल्या होत्या त्याच आता दिसताहेत, आणि सुजलेली हिरडी बसली की दाताचा मूळचा भाग उघडा पडतो. पडक्या भिंतीला टेकलेलं लाकूड काढलं की भिंत किती पडकी होती ते कळतं, तसं मी ते समजून घेतलं. झणझण तीन-चार आठवड्यांत कमी झाली.

पण या सगळ्याचा उपयोग शून्य आहे, ती म्हणाली, तुम्ही घासायला शिकला नाहीत तर. आणि मग बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला त्या मुलीनं तळहाताएवढ्या दातांच्या प्लास्टिकच्या जबड्यावर दात घासायला शिकवलं.

माझा ब्रश बघून ती आधी हसली. कडक केसांचा, केस चहूकडं पसरलेले. "मॅडम, पातेलं नाही घासायचं." जोर लावून आडवं रगडल्यानं माझ्या दातांना हिरडीजवळ खाचा पडल्या होत्या, कुऱ्हाडीनं झाडाला पाडावी तशी खाच. तिथं झणझणायचं ते मी गारठ्यावर ढकलत होते. ब्रश मऊ हवा, डोकं लहान हवं, आणि मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरायचा. मुठीत धरला की जोर आपोआप येतो. केस पसरले की किंवा तीन महिने झाले की बदलायचा.

मग तो कोन. ब्रशचे केस दातावर सरळ न टेकवता दात आणि हिरडी जिथं मिळतात त्या रेषेवर पंचेचाळीस अंशांत टेकवायचे; खालच्या दातांना खालच्या दिशेनं, वरच्यांना वरच्या. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. आणि तिथंच थरथरवल्यासारखं अगदी थोडं थोडं पुढं-मागं. ब्रश सरकत नाही, केसांची टोकं फक्त हलतात आणि हिरडीच्या कडेखाली शिरतात. दहा-पंधरा वेळा झालं की हिरडीकडून दाताच्या टोकाकडं झाडून घ्यायचं. मग पुढचे दोन दात. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा मावत नाही, तिथं उभा धरायचा. सगळ्याला दोन मिनिटं तरी लागतात. मी घरी येऊन घड्याळ लावून माझी जुनी पद्धत मोजली. पस्तीस सेकंद.

तिनं दिलेला एक सल्ला कुठल्याही पाकिटावर लिहिलेला नसतो : सुरुवात बदला. आपण सगळे पुढच्या दातांपासून सुरू करतो, कारण ते दिसतात, आणि मागं पोचेपर्यंत कंटाळतो. मी आता खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं सुरू करते. पेस्ट वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली असते ती पेस्ट विकायला. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यायची, आणि घासून झाल्यावर थुंकायचं, पण चुळा भरून सगळी धुऊन टाकायची नाही. फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहू द्यायचं. हे मला सगळ्यांत जड गेलं. चूळ न भरता झोपायचं म्हणजे काय! जन्माची सवय. शेवटी मी क्रम बदलला. इशाची नमाज झाली की दात घासते, आणि त्यानंतर तोंडात काही घालत नाही, पाणीसुद्धा लगेच नाही.

आता धागा. दाताला पाच बाजू असतात, आणि ब्रश कितीही चांगला फिरवला तरी दोन दातांच्या मधल्या दोन बाजूंना तो पोचत नाही. माझे खोल खिसे बहुतेक तिथंच होते. तिनं फ्लॉसची डबी दाखवली तेव्हा मनात आलं, हा श्रीमंतांचा चोचला. घरी आले आणि शिलाईच्या डब्यातला पांढरा दोरा काढला. तुम्ही हे करू नका. दोरा अडकला, ओढला तर तुटला, त्याचा तुकडा दातांत राहिला, तो काढताना हिरडी कापली, आणि मुलीनं विचारलं, "अम्मी, दात शिवतेस का?" दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून डबी आणली. तीन महिन्यांहून जास्त पुरली. आमच्या घरी सुपारीवर होणाऱ्या खर्चापुढं काहीच नाही.

साधारण दीड फूट धागा घ्यायचा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, बहुतेक सगळा एका बोटाला. एका दातानंतर तिकडून सोडत जायचा आणि इकडं गुंडाळत जायचा, म्हणजे दर वेळी कोरा धागा मिळतो. मध्ये बोटभर लांबी ताणून धरायची आणि करवतीसारखं हळू पुढं-मागं करत दोन दातांच्या मध्ये उतरवायचा. खटकन दाबून घुसवला की तो हिरडीत जातो. आत उतरला की खरं काम सुरू. मी पहिले आठ दिवस तो नुसता घालून काढत होते, आणि मला वाटत होतं झालं. धागा एका दाताभोवती कमानीसारखा वळवायचा, त्याला मिठी मारल्यासारखा, हिरडीच्या कडेच्या किंचित खाली जाईपर्यंत नेऊन वर-खाली पुसायचं. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला तसंच. दोन शेजाऱ्यांमधली एकच भिंत असली तरी दोघांनी आपापली बाजू सारवायची असते, तसं. शेवटच्या दाढेच्या मागची बाजूही विसरायची नाही. जिथं फटी मोठ्या आहेत तिथं धाग्यापेक्षा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश मिळतो तो बरा. माझ्या त्या दाढेला तोच लागतो.

पहिल्या दिवशी धागा लाल झाला. दुसऱ्या दिवशीही. मी घाबरून सोडणार होते, जसं ब्रशचं केलं होतं. हिरडीतून रक्त येतं म्हणून आपण हात लावत नाही, आणि हात लावत नाही म्हणून रक्त येतं, या चक्रात मी चार वर्षं फिरत होते. रक्त आलं तर तिथं जास्त लक्ष द्यायचं, हळू पण नेमानं, असं तिनं बजावलं होतं. बाराव्या की तेराव्या दिवशी धागा पांढरा निघाला. मी तो नवऱ्याला दाखवला. त्यांना माझा आनंद कळला नाही, पण त्यांनी मान डोलावली.

नंतर मी याविषयी वाचत गेले. पंचेचाळीस अंशांची ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांच्या नावानं ओळखली जाते. ते दातांचे डॉक्टर नव्हतेच. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे डीन, हयात मलेरिया आणि कृमींच्या रोगांवर काम केलेलं. उतारवयात ते दातांकडं वळले, आणि ब्रश कसा असावा, धागा कसा असावा यावर 1948 साली त्यांनी लिहिलं. 1975 मध्ये गेले तेव्हा शंभर वर्षांचे होते. दातांमध्ये रेशमी धागा घाला हे त्याच शहरातल्या लेव्ही पार्मली नावाच्या दंतवैद्यानं 1819 मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या पणजीच्या जन्माआधीपासून ही गोष्ट जगाला माहीत होती.

आणि आमच्याकडं? आमच्याकडं मिस्वाक होतं. दर नमाजेआधी मिस्वाक करायला सांगितलं असतं, उम्मतीला जड जाईल म्हणून सक्ती केली नाही, या अर्थाची हदीस लहानपणी प्रत्येकानं ऐकलेली असते. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पिलूच्या झाडाची काडी वापरायचे. हजवरून कुणी आलं की त्यांच्यासाठी आणायचं. नसली तर कडुलिंबाची. रात्री पाण्यात भिजत घालायचे, सकाळी टोक चावून त्याची कुंचली करायचे, झिजलेली कुंचली रोज चाकूनं कापून नवी. ओट्यावर बसून ते पाव तास ते काम करायचे, एकेका दातावर, वरून खाली. त्या पाव तासात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. आम्ही मिस्वाकची सुन्नत म्हणजे काडी एवढंच धरलं. तो पाव तास कुणी धरला नाही. आता मशिदीबाहेर अत्तराशेजारी प्लास्टिकच्या वेष्टनात मिस्वाक मिळतं, लोक कुर्त्याच्या खिशात ठेवतात, नमाजेआधी पुढच्या चार दातांवरून फिरवतात आणि परत खिशात. उगीच मोठेपणा सांगायचा नाही. दादांच्याही मागच्या दाढा गेल्याच होत्या. काडीची कुंचली मागच्या दातांच्या आतल्या बाजूला नीट पोचत नाही आणि दोन दातांच्या मध्ये तर जातच नाही. मी आता दिवसा मिस्वाक करते, रात्री ब्रश आणि धागा. दोघांचं भांडण मला तरी दिसलं नाही.

रमजानबद्दल विचारणा होते, म्हणून तेही सांगते. आमच्याकडचे आलिम रोज्यात पेस्ट टाळायला सांगतात, मिस्वाकला परवानगी देतात. त्यामुळं बहुतेक घरांत महिनाभर ब्रशलाच सुट्टी. सहरीला खजूर, शेवया, चहा, आणि फज्र पढून तसंच आडवं व्हायचं. गोड तोंडात आणि दिवसभर लाळ कमी. दातांसाठी याहून वाईट वेळापत्रक नाही. मी सहरी दहा मिनिटं लवकर आटोपायला लागले, अजानच्या आत ब्रश होतो. तरावीहनंतर धागा आणि ब्रश. रोज्याला काही झालं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा सळई घालून मोजलं. पाचाचे बरेचसे तीन झाले होते, सहाचा चार. शुगरचा आकडाही थोडा उतरला होता. त्याचं सगळं श्रेय धाग्याला देता येणार नाही, मी चालायलाही लागले होते; पण शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगर आवरत नाही, हे दोन्ही बाजूंनी चालतं, असं तिथं सांगितलं होतं. दाढ अजून आहे. थोडी हलते.

शाळेत मी तो पाठ आता फळ्यावर लिहीत नाही. मुलांकडून घरचे ब्रश मागवते. पहिल्या दिवशी चाळीसपैकी अकरा मुलांनी आणले नाहीत, आणि त्यातल्या काहींच्या घरी सगळ्यांत मिळून एकच ब्रश होता, हेही त्या दिवशीच कळलं. एवढ्या वयाच्या मुलांना स्वतःचे दात पूर्ण घासता येत नाहीत, आई-बापांनी रात्री एकदा हात फिरवायला हवा. तेवढं पालक सभेत सांगते. हसतात, पण ऐकतात.

खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते अम्मीसाठी.

अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पाच वर्षांपासून कंपवात. उजवा हात इतका थरथरतो की कप धरवत नाही. तोंडात सात दात उरलेत. आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून ती मिसरी लावते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, आणि बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. आमच्या भागात हिंदू-मुसलमान, मराठा-धनगर, कुठल्याही वाड्यात जा, सकाळी चुलीपुढं बायका मिसरी लावताना दिसायच्या. बाळंतपणात कुणीतरी सुरू करून देतं, दात दुखतात म्हणून, पोट साफ होतं म्हणून. तिला दात घासणं म्हणतात, म्हणून ते व्यसन आहे असं कुणाला वाटत नाही. अम्मीला पान खाणाऱ्या बायका आवडत नाहीत.

कंपवातात गिळायला त्रास होतो. अम्मीला जेवताना ठसका लागायचा. अशा माणसाच्या तोंडात साठलेले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो, म्हणून तोंड स्वच्छ ठेवा, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, मी घासते. अम्मीनं ओठ मिटून घेतले. तिला आंघोळ मी घालते, कपडे मी बदलते, त्याला तिची हरकत नाही. पण तोंड उघडून दाखवायचं तिला नको होतं. "नक्को गे, मेरे मुँह की बास आती." पंधरा दिवस हेच.

मग एका रात्री तिनंच विषय काढला. हुजूरांच्या अखेरच्या दुखण्यात हजरत आयेशांचे भाऊ हातात मिस्वाक घेऊन आले, हुजूरांची नजर त्या काडीकडं गेली, बोलण्याची ताकद नव्हती, तर बीबी आयेशांनी ओळखलं, काडी स्वतःच्या दातांनी चावून मऊ केली आणि त्यांना दिली. हा प्रसंग ती आम्हाला लहानपणी सांगायची. त्या रात्री तिनं सगळा पुन्हा सांगितला, थांबत थांबत. शेवटी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. सात दात, सातांच्या मुळाशी दगड. आणि डाव्या गालाच्या आत, जिथं ती मिसरी धरून ठेवायची तिथं, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा. पुसून जात नव्हता. तो तिथं किती वर्षं होता कुणास ठाऊक. दुखत नव्हता, त्यामुळं तिनं सांगायचा प्रश्न नव्हता, आणि तिच्या तोंडात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेले. तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी तिचे दात रोज दोन वेळा घासले, आणि चट्ट्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत प्रत्येक वेळी बघितलं. कर्करोग नव्हता. पेशींमध्ये बदल सुरू झाले होते. मिसरी आजपासून बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलं.

मिसरी बंद करणं दात घासण्याइतकं सोपं नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षांची सोबत. ती चिडली, रडली, आठवडाभर तिचं पोट साफ होईना. शेजारच्या खालानं दोनदा गुपचूप पुडी आणून दिली, ती मी शोधून काढली, आणि खालाशी आमचं बोलणं महिनाभर बंद होतं. अखेर बडीशेप भाजून कुटून डबीत ठेवली. बोट तोंडात जातं, पण बडीशेपेचं.

आता रोज इशानंतर मी तिच्या मागं उभी राहते, तिचं डोकं माझ्या पोटाशी टेकवते, तसं केलं की हनुवटीला आधार मिळतो आणि ठसका लागत नाही. मान थोडी पुढं. मऊ ब्रश, नावाला पेस्ट, ओलसर फडक्यानं पुसत जायचं. फटींना छोटा ब्रश. गालाच्या आत टॉर्च. सात दातांना चार मिनिटं लागतात. मधूनमधून तिचा हात थरथरत माझ्या मनगटावर येतो.

परवा मला घाई होती, पेपर तपासायचे होते. मी ब्रश धुऊन ठेवला तर अम्मीनं तोंड मिटलंच नाही. जीभ वळवून तिनं उजवीकडच्या मागच्या दाताला लावली आणि म्हणाली, "ये पीछेवाले का अंदर का बाजू रह गया."

मी परत टॉर्च लावला. राहिलं होतं.